‘कादंबऱ्या वाचून युद्ध कळत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

सोव्हिएत लेखक ग्रोसमनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत. त्यावर नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सवडीने उत्तर लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी सरांचं म्हणणं थोडक्यात सांगते. दुसरं महायुद्ध समजून घ्यायचं असेल तर वासिली ग्रोसमनची ‘लाइफ अँड फेट’ वाचा, असं मी लिहिलं होतं. सरांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला आहे आणि त्यांना हे मुळातच चुकीचं वाटतं. इतिहास कागदपत्रांतून, नकाशांतून, आकड्यांतून उभा राहतो. कादंबरी ही शेवटी कल्पनाच. शिवाय ग्रोसमनने त्रेब्लिंका या नाझींच्या ज्यू-संहार छावणीतल्या मृतांचा आकडा तीस लाख सांगितला आणि तो साफ चुकला, मग त्याच्यावर विसंबायचं कशाला? आणि पंख्याखाली बसून परक्यांच्या यातना वाचण्यात थोडा चवीचाच भाग असतो, त्याला समज म्हणू नये.

आकड्यापासून सुरुवात करते, कारण तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये ग्रोसमन लाल सैन्याबरोबर युद्धवार्ताहर म्हणून पोलंडमधल्या त्रेब्लिंकाला पोचला. तिथे छावणी उरलीच नव्हती. ऑगस्ट १९४३ मध्ये कैद्यांनी उठाव केला, त्यानंतर जर्मनांनी इमारती पाडल्या, जमीन नांगरली, वर ल्युपिन हे शेतातलं पीक पेरलं आणि एक शेतघरही बांधलं. कुणी विचारलंच तर इथे शेती होती असं सांगायची सोय. ग्रोसमन आसपासच्या शेतकऱ्यांशी बोलला, निसटून वाचलेल्या मोजक्या कैद्यांशी बोलला, पकडलेल्या पहारेकऱ्यांशी बोलला. गाड्या किती येत, गाडीला डबे किती, डब्यात माणसं किती, हे विचारून त्याने गुणाकार केला आणि तो तीस लाखांवर गेला. आज इतिहासकार हा आकडा आठ ते नऊ लाखांच्या घरात धरतात. चूक मोठी आहे यात वाद नाही. पण ही चूक कल्पनेच्या भरारीतून आलेली नाही, हाती कागद नसताना केलेल्या हिशोबातून आली आहे. त्रेब्लिंकावरच्या त्याच लेखात त्याने स्वतः पाहिलेलं जे लिहिलंय, म्हणजे पायाखाली हलणारी भुसभुशीत जमीन आणि तिच्यातून वर येणारे हाडांचे तुकडे, फोटो, लहान मुलांचे बूट, ते आजवर कुणाला खोडता आलेलं नाही.

आता कागदाकडे येऊ. ११ जानेवारी १९४३ रोजी पोलंडमधल्या लुब्लिनहून ह्योफ्ले नावाच्या, हिटलरच्या एसएस दलातल्या अधिकाऱ्याने वरच्या कचेरीला एक बिनतारी संदेश पाठवला. ब्रिटिशांनी तो पकडला, उलगडला आणि इतर हजारो संदेशांबरोबर दप्तरात ठेवून दिला. त्याचं महत्त्व इतिहासकारांच्या ध्यानात आलं ते २००० साली. त्यात छावण्यांची नावंसुद्धा नाहीत, नुसती आद्याक्षरं आहेत: एल, बी, एस, टी. प्रत्येकापुढे १९४२ अखेरपर्यंत ‘आलेल्यांचा’ आकडा. एकूण १२,७४,१६६. टी म्हणजे त्रेब्लिंका, आणि त्यापुढे आहे ७१,३५५. बेरीज करून पाहिलीत तर जुळत नाही. ती जुळायला तिथे ७,१३,५५५ हवेत. शेवटी तीन पाच हवे होते, दोनच उतरलेत. एक अंक गळला आणि त्याबरोबर ६,४२,२०० माणसं.

हा अस्सल कागद आहे, खुद्द मारणाऱ्यांच्या कचेरीतून निघालेला. त्यातही चूक राहिली. इतिहासकारांनी ती शोधली, बेरजेवरून दुरुस्त केली आणि कागद वापरला. कुणी तो फेकून दिला नाही. ग्रोसमनच्या लेखनाला एवढीच सवलत द्या, इतकंच मी म्हणते. त्याचा आकडा तपासून बाजूला ठेवा. त्यासाठी सगळा ग्रोसमन बाजूला ठेवायची गरज नाही.

पण सर, आपला खरा मतभेद आकड्याचा नाहीच. ‘टी’ या एका अक्षरापुढे सात लाखांवर माणसं आहेत आणि त्यातल्या एकाचंही काय झालं हे त्या संदेशातून कळत नाही. तो लिहिणाऱ्याला तेवढंच हवं होतं. कागद कुणी, कुणासाठी, कशासाठी लिहिला हे आधी बघा, असं तुम्हीच मुलांना शिकवलं असणार. मग ज्यांच्यावर गुदरलं त्यांचा कागद कुठे शोधायचा?

ग्रोसमनची आई येकातेरिना साव्हेल्येव्हना युक्रेनमधल्या बर्डिचेव्ह गावात फ्रेंच शिकवायची. सप्टेंबर १९४१ मध्ये गावातल्या हजारो ज्यूंबरोबर तिला गोळ्या घालून मारलं. मुलाला तिचं शेवटचं पत्र मिळालं नाही. ‘लाइफ अँड फेट’मध्ये त्याने ते पत्र लिहिलं. कादंबरीतली आई डोळ्यांची डॉक्टर आहे आणि घेट्टोच्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीच्या, आतून मुलाला लिहिते आहे. घर सोडताना तिने काय काय घेतलं तेही सांगते: उशी, थोडे कपडे, मुलाने दिलेला कप, चमचा, फोटो, पुश्किन आणि चेखवची पुस्तकं. शेजारणी तिच्या देखतच भांडायला लागतात, खुर्च्या कुणाच्या आणि लिहायचं टेबल कुणाचं यावरून. आणि तिने निरोप घेतला तेव्हा त्याच दोघी रडतात. एरवी तुसडा वाटणारा एक पेशंट तिचं सामान उचलून देतो आणि म्हणतो, दर आठवड्याला कुंपणापाशी येऊन पाव देत जाईन.

हे प्रकरण मी वाचलं त्याआधी बर्डिचेव्हमधले आकडे मला माहीत होते. तरी ‘आसपासच्या लोकांनी हे होऊ कसं दिलं?’ या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर भाबडं होतं: काही दुष्ट, काही घाबरट, काही भले. टेबलासाठी भांडणारी आणि पाच मिनिटांनी डोळे पुसणारी बाई एकच असते, हे मला त्या पत्राने दाखवलं. शेजाऱ्यांच्या वागण्याचा खुलासा करू पाहणाऱ्या कुठल्याही इतिहासकाराला हीच बाई समजून घ्यावी लागते. म्हणून याला मी नुसती भावना म्हणत नाही. इतिहास कसा घडला यातलाच हा भाग आहे.

शिवाय दप्तर कुणाच्या ताब्यात असतं हाही प्रश्न आहेच. सोव्हिएत सरकारी लिखाणात या ज्यूंचा उल्लेख वर्षानुवर्षं ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ असा होत राहिला. ते ज्यू म्हणून मारले गेले, हे लिहायची मुभा नव्हती. एहरेनबुर्ग हा दुसरा सोव्हिएत लेखक आणि ग्रोसमन यांनी साक्षी गोळा करून जो संग्रह तयार केला होता, त्याचे छापखान्यातले खिळे १९४८ मध्ये मोडून टाकले. फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबी या गुप्त पोलिसांची माणसं ग्रोसमनच्या घरी आली आणि ‘लाइफ अँड फेट’ची हस्तलिखितं घेऊन गेली, कार्बन पेपर आणि टाइपरायटरच्या रिबिनीसुद्धा सोडल्या नाहीत. ही कादंबरी दोनशे-तीनशे वर्षं छापता येणार नाही, असं त्याला पक्षाच्या वरिष्ठ नेत्याने, सुस्लोव्हने, सांगितलं. १९६४ मध्ये तो गेला. मित्रांनी लपवून ठेवलेल्या प्रतीवरून १९८० मध्ये ती स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली आणि १९८८ मध्ये त्याच्या स्वतःच्या देशात. एखाद्या सरकारला कादंबरीची इतकी धास्ती वाटते, ती काय ‘नुसती कल्पना’ आहे म्हणून?

तुम्ही लिहिलंत की हे सगळं परक्यांचं आहे. इथे मला आपल्याकडचं आठवतं. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या तुम्ही पाहिल्या असतील: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. पुष्कळ पाट्यांवर नाव एकही नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा वेढा चालला. शेवटी घोड्याचं मांस खायची वेळ आली, अनेक हिंदी शिपायांनी आधी ते नाकारलं, उपासमार झाली, आणि शरणागतीनंतर सुमारे १३ हजार जण तुर्कांचे कैदी झाले. तिथे ॲम्ब्युलन्स पथकात असलेल्या शिशिर सर्वाधिकारी यांनी आपले अनुभव बंगालीत लिहिले, म्हणून बंगाली वाचकाला ती कैद एका माणसाच्या नजरेतून दिसते. आपले शिपाई बहुतेक निरक्षर होते. घरची पत्रंसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे आणि ती सेन्सॉरच्या हातून जायची. त्या पाटीसमोर उभं राहिलं की मला ‘टी’पुढचा आकडाच आठवतो. मारणाऱ्याने ठेवलेला हिशोब आणि गौरवासाठी कोरलेली पाटी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळतं. पण माणूस दोन्हीकडे सारखाच गायब आहे, आणि साताऱ्याच्या पाटीपुढे मला काय शोधायला हवं हे परक्यांच्या युद्धावरची पुस्तकं वाचल्यामुळेच सुचलं.

उरला चवीचा मुद्दा. तो टोचला, आणि टोचायलाच हवा. रक्त आणि शौर्य चवीने वर्णन करणारी युद्धपुस्तकं ढिगाने आहेत आणि ती खपतातही. मी ती वाचत नाही आणि सुचवतही नाही. ग्रोसमन त्रेब्लिंकाहून मॉस्कोला परतला तो अंथरुणालाच खिळला. त्याने त्या लेखातच लिहून ठेवलंय की भयंकर सत्य सांगणं हे लेखकाचं कर्तव्य आहे आणि ते जाणून घेणं हे वाचकाचं. वाचताना मला सुख होत नाही. पण मी आरामात आहे म्हणून पुस्तक मिटून ठेवलं, तर त्या आरामाशिवाय दुसरं काय साधलं?

तुम्ही शेवटी विचारलंत की दहावीच्या मुलांना यातलं काय द्यावं. अख्खी कादंबरी नकोच, ती प्रचंड आहे आणि शंभरावर पात्रांत मुलं हरवतील. आईच्या पत्राचं ते एक प्रकरण द्या, पहिल्या भागात आहे, आणि त्याच तासाला ह्योफ्लेचा तो संदेश फळ्यावर लिहून मुलांना बेरीज करायला लावा. दोन्हींपैकी एकच दाखवायचं असा तुमचा आग्रह असेल, तर मुलांनी नंतर कोणते प्रश्न विचारले ते मला जरूर कळवा. त्यावर पुढे बोलू.