पाऊस होऊ दे, मग बघू

ज्याच्या बंगल्याचं प्लास्टर केलं, त्या मालकाच्या दारात राहिलेल्या पैशांसाठी आज चौथ्यांदा जाऊन आलो. येऊन-जाऊन बावीस किलोमीटर, मे महिन्याच्या उन्हात. पहिल्यांदा गेलो तेव्हा बँकेला सुट्टी होती. दुसऱ्यांदा मुलगा पुण्याहून यायचा होता, तो आला की मोबाइलवर टाकणार होता. तिसऱ्यांदा मालक आत बसलेला मला खिडकीतून दिसत होता आणि वहिनी बाहेर येऊन सांगत होत्या, "ते शेतावर गेलेत." आज मात्र स्वतः दारात उभा राहून बोलला, "मिस्त्री, एक पावसाळा जाऊ द्या. भिंतीला ओल येते का, तडे जातात का, बघू. मग तुमचा हिशोब मिटवून टाकू."

पावसाळा जाऊ द्या म्हणे! म्हणजे दसरा. आणि आतल्या भिंतींवर कुठला पाऊस पडणार आहे? हॉलमध्ये, देवघरात, स्वयंपाकघरात पाऊस पडतो का? पण त्यांचेही पैसे अडकवलेलेच.

मी प्लास्टरचं काम करतो. कराडच्या आसपासची गावं, कधी साताऱ्यापर्यंत. एकवीस वर्षं झाली. माझ्यावर ठेकेदार नाही, महिन्याचा पगार नाही. काम मीच धरायचं, पोरं मीच जमवायची, माप मीच द्यायचं आणि पैशासाठी हेलपाटेही मीच मारायचे. कामाचं मला कधी ओझं वाटलं नाही. छताला माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, मारताना निम्मा तोंडावर येतो, मान अवघडते, ते चालतं. वैताग येतो तो या शेवटच्या पैशांचा. शंभरातल्या ऐंशी मालकांकडे शेवटचे पैसे अडकतात. दोन हजार असोत नाहीतर वीस हजार, अडकतातच. आणि तेच पैसे माझे असतात. हे कुणाला कळत नाही म्हणून आज सगळा हिशोबच मांडतो.

त्या बंगल्याचं काम ४,८६० चौरस फूट भरलं. आतून-बाहेरून सरसकट २४ रुपये फूट, सामान मालकाचं, मजुरी माझी. झाले १,१६,६४० रुपये. हप्त्याहप्त्याने मिळाले ९८,०००. राहिले १८,६४०. आता खर्च बघा. माझ्याबरोबर दोन गवंडी, त्यांना ९५० रोज. चार बिगारी, त्यांना ६५० रोज. बाहेरून प्लास्टरचे दोन थर, वर छताचं काम, त्यामुळे २२ दिवस लागले. गवंड्यांचे ४१,८०० आणि बिगाऱ्यांचे ५७,२००, म्हणजे ९९,००० रुपये मजुरीतच गेले. मालकाने दिले ९८,०००. वरचे हजार मी खिशातून घातले. पेट्रोल वेगळं, घमेली फुटली ती वेगळी, चाळणीची जाळी बदलली ती वेगळी. राहिलेले १८,६४० ही माझी स्वतःची २२ दिवसांची मजुरी आहे. सगळी हातात पडली तरी रोजाला ८०० च्या आसपास बसते. माझ्या हाताखालच्या गवंड्यापेक्षा कमी! आणि तीच हा माणूस दसऱ्याला बघू म्हणतो.

पोरांना मी थांबवू शकत नाही. बिगाऱ्यांतली एक जोडी विजापूरकडची आहे, नवरा-बायको. बाजाराच्या दिवशी त्यांच्या हातात पैसे पडले नाहीत तर त्या दिवशी चूल पेटत नाही. त्यांना "पाऊस होऊ दे" असं मी कुठल्या तोंडाने सांगू? सांगणारही नाही. या महिन्याचा भिशीचा हप्ता मी त्यांच्या पगारात घातला. आता भिशीवाले माझ्या दारात येतायत.

आणि वेळ कुठली निवडली बघा. जून ते सप्टेंबर बाहेरचं प्लास्टर बंद. ओल्या भिंतीवर, भुरभुर पावसात कोण काम काढतो? आतली कामं मिळाली तर मिळाली. जानेवारी ते मे जे कमवायचं त्यावरच चार महिने ढकलायचे. पोरांची शाळा जूनमध्ये, बियाणं जूनमध्ये. नेमके तेच चार महिने हा माणूस माझे पैसे दाबून बसणार.

आता तड्यांचं बोलू. कारण प्रत्येक मालकाचं हत्यार तेच आहे.

प्लास्टर झाल्यावर निदान सात दिवस भिंत ओली ठेवावी लागते. दिवसातून तीनदा पाणी. सिमेंट वाळून घट्ट होत नाही हो, ते पाणी पिऊन घट्ट होतं. भिंत उन्हाने भाजली की तिच्यावर केसासारख्या रेघा उठतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पाणी मारायचं मालकाकडे ठरलं होतं. काय केलं? सकाळी मोटर नाही, दुपारी कुणी घरी नाही, संध्याकाळी एकदा पाइप धरला की झालं. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी दोन वाजता हात ठेवला तर तव्यासारखा चटका बसत होता. मी स्वतः दोन दिवस दुसऱ्या कामावरून येऊन पाणी मारून गेलो. कारण नाव माझं जाणार, हे मला माहीत होतं.

वाळू बघा. नदीची वाळू परवडत नाही, मिळतही नाही, म्हणून क्रश सॅंड, दगड फोडून केलेली वाळू. ठीक आहे, तिच्यावरही चांगलं काम होतं. पण प्लास्टरची वेगळी येते, ती धुतलेली, बारीक पण धूळ नसलेली. ह्यांनी ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) चार पैसे वाचवायला कच, म्हणजे दगडाची भुकटी, मिसळलेली आणली. मूठभर घेऊन पाण्यात टाकून दाखवली मी त्यांना, ग्लासभर पाणी राखेसारखं झालं. म्हणाले, "सगळीकडे हीच वापरतात." अशा मालात धूळ जास्त, त्याला पाणी जास्त लागतं आणि सुकताना तो आखडतो. रेघा येणार नाहीत तर काय होणार?

कॉलम आणि विटांची भिंत जिथं जुळते तिथं जाळी मारायला सांगितली होती. कोंबड्यांच्या खुराड्याला असते तसली बारीक तारेची जाळी, फार पैशांची नाही. काँक्रीट वेगळं हलतं, वीट वेगळी हलते, मधे जाळी नसली की तिथं उभी रेघ पडतेच. जाळी आणली नाही. कॉलमला मी टाचे (बारीक खाचा) मारून घेतले, त्याच्यावर सिमेंटचं पाणी मारलं, माझ्या हातात होतं ते सगळं केलं. तरी ती उभी रेघ माझ्याच नावावर.

आणि सगळ्यात संताप आला तो वायरमनचा. आधी वायरचे पाइप गाडा, मग प्लास्टर, हे शेंबड्या पोराला कळतं. माझं हॉलचं काम झालं, ओळंब्यात, पट्टी लावली तर खालून उजेड दिसणार नाही अशी भिंत. चार दिवसांनी जाऊन बघतो तर टीव्हीचा पॉइंट बदललाय आणि त्या भिंतीत कटर घालून दारापासून खिडकीपर्यंत चिरलीय. हातोडीने ठोकून पाइप बसवलेत. त्या ठोक्यांनी बाजूचं प्लास्टर सुटलं, बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज. तिथं मीच परत माल भरून दिला, फुकट. आज ते ठिगळ दाखवून मला विचारतात, "हे बघा, इथं का फुगलंय?"

माल खाली पडतो तो उचलून परत भिंतीला लावायला सांगणारेही हेच. पाणी घातल्यावर अर्ध्या तासानंतर सिमेंट धरायला लागतं. तासभर खाली पडलेला माल मेलेला असतो, पाणी घालून कितीही मळला तरी त्यात जीव येत नाही. मी वापरत नाही. तर लगेच, "मिस्त्री फार माल वाया घालवतात." वापरला तर सहा महिन्यांनी पोपडे सुटणार आणि तेव्हाही मीच चोर.

१८,६४० पैकी ६,६०० तर हा माणूस कायमचेच कापायला बसलाय. मालकाचा भाचा इंजिनिअरिंग शिकतो. तो लेझरचं यंत्र घेऊन आला आणि दारं-खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा करून मोकळा झाला. सात दारं तीन बाय सातची, त्यांचे १४७ फूट. आठ खिडक्या चार बाय चारच्या, त्यांचे १२८. मिळून २७५ फूट मी एका बाजूने आधीच वजा केले होते. मोजमापाचं भारतीय मानक आहे, आयएस १२००. त्यात सांगितलंय, अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक असेल तर काहीच वजा करायचं नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंत असेल आणि दोन्ही बाजूंना एकच प्लास्टर असेल तर एकाच बाजूचं वजा करायचं. कारण दार-खिडकीच्या आतल्या कडा आम्ही करतो, त्यांचं वेगळं माप लावत नाही. त्या कडांनाच सगळ्यात जास्त वेळ जातो! सपाट भिंतीवर शंभर फूट होईल तेवढ्या वेळात चार खिडक्यांच्या कडा होत नाहीत. चारी बाजूंना पट्टी बांधा, काटकोनाचा गुण्या लावा, कोपरा धारेवर आणा, खाली पाण्याला बाहेर उतार द्या. भाच्याला मी हे सांगितलं. म्हणाला, "ते सरकारी कामाला असतं, घरगुती कामाला नसतं." मग घरगुती कामाला काय असतं? तू म्हणशील ते?

२०२५ च्या सप्टेंबरात सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. तेव्हा एक दुसरा मालक मला म्हणाला, "आता सिमेंट स्वस्त झालं, तुम्हीपण फुटामागं दोन रुपये कमी करा." अहो, सिमेंट तुम्ही आणता! त्यातला एक रुपया माझ्याकडे येत नाही. सिमेंट महागलं तेव्हा कुणी माझी मजुरी वाढवली होती का?

माझे हात बघायला या कुणीतरी. ओलं सिमेंट चामडी खातं. बोटांच्या पेरांवर बारीक भोकं पडतात, त्यात पाणी गेलं की मेंदूपर्यंत कळ जाते. रात्री भाकरी मोडताना आमटीत बोट बुडवता येत नाही, मी चमच्याने जेवतो. हातमोजे घालून थापी धरता येते, पण शेवटचा रंधा फिरवताना, स्पंजाने सॅंडफेस काढताना भिंत हाताला कळावी लागते. म्हणून मोजे काढतो. ती खरबरीत, एकसारखी भिंत लोक कौतुकाने बघतात, हात फिरवतात. कौतुकाला कमी नाही कुणी करत.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो, नोंदणी केली की मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मी वर्षात २०० दिवस काम करतो, पण पंधरा-वीस मालकांकडे. दाखल्यावर सही कोण करणार? या मालकाला विचारलं तर म्हणाला, "सही दिली आणि उद्या तुम्ही पडलात-झडलात तर माझ्यावर येईल." बावीस दिवस मी त्याच्याच परांचीवर उभा होतो. बांबू त्याचे, दोर त्याचा. तेव्हा पडलो असतो तर?

अक्षय तृतीयेला वास्तुशांत झाली. मला बोलावणं होतं, गेलो. तीनशे पान उठलं. मांडववाला, आचारी, भटजी, सगळ्यांचे पैसे त्याच दिवशी चुकते झालेले मी डोळ्यांनी बघितले. मग मला पुढे बोलावलं, टॉवेल-टोपी-नारळ दिला, फोटो काढला. "आमच्या मिस्त्रींनी काम एक नंबर केलंय," असं चारचौघांत माइकवर सांगितलं. एक नंबर केलंय ना? मग पावसाळ्यानंतर काय बघायचंय? बायको घरी विचारत होती, पैशाचं बोललात का. देवाच्या कार्यात पैसे मागायचे नसतात म्हणून मी गप्प बसलो. मला बोलायला हवं होतं. त्या माइकवरच बोलायला हवं होतं.

या आठवड्यात नवीन काम आलं होतं, गावाच्या वरच्या अंगाला, साडेतीन हजार फूट. या वेळी मी वहीचं पान घेऊन गेलो. माप कसं धरायचं, पाणी कोण मारणार, वायरमनचं काम आधी, छत झालं की इतके, आतलं झालं की इतके, परांची सोडायच्या आधी शेवटचे. खाली दोघांच्या सह्या. मालकाने पान वाचलं, परत दिलं आणि म्हणाला, "मिस्त्री, आम्ही काय तुमचे पैसे बुडवणार आहे का? विश्वास नसेल तर राहू द्या."

राहिलं. काल तिथून गेलो तर परांची बांधून झालेली. खाली माल कालवणारा पोरगा ओळखीचा निघाला, माझ्याकडेच दोन वर्षं होता. मी गाडी थांबवली आणि त्याला एवढंच विचारलं, शेवटच्या पैशांचं आधी बोललास का? त्याने मान हलवली. नाही.