नदीला सवड आहे, आम्हाला नाही

गोव्यातल्या माणसालाही सुट्टी लागते, हे बाहेरच्या कुणाला पटत नाही. ‘तुम्हाला काय, तुम्ही राहताच तिथे!’ असं म्हणून मंडळी आपली बॅग आमच्या हॉलमध्ये ठेवतात आणि स्कूटरची किल्ली कुठे असते ते विचारतात. त्यामुळे भाच्याने ‘एकदा सगळे मिळून राफ्टिंगला जाऊ, खोल दरी, उसळणारी नदी, दोन्ही बाजूंना उभे कडे’ असा विषय काढला, तेव्हा फोंड्याच्या आमच्या घरात चक्क एकमत झालं. एकमत जायचं यावर. कधी, इथे गाडं अडलं.

भाच्याने सुरुवात अमेरिकेपासून केली. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्याला अमेरिका इथल्या वाळपई गावाच्या अलीकडे वाटते. ग्रँड कॅन्यन: लांबी 446 किलोमीटर, खोली काही ठिकाणी दीड किलोमीटरहून जास्त, तळाशी कोलोरॅडो नदी. आपली आपण सफर करायची तर परवान्यासाठी सोडत निघते. 2006 पूर्वी सोडत नव्हती, प्रतीक्षायादी होती, आणि तिच्यात माणसं दहा-दहा वर्षं अडकायची. हे ऐकून बापूंना अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. आता फेब्रुवारीत अर्ज करायचा आणि नशीब असेल तर पुढच्या वर्षीची तारीख मिळते.

“पुढच्या वर्षी गणपतीची चवथ कधी?” वहिनीने विचारलं. ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षीचं पंचांग घरात यायचं होतं.

भाचा नियम वाचत गेला. दरीत कसलीही घाण मागे ठेवायची नाही, माणसाची तर नाहीच. ती डब्यात भरून शेवटपर्यंत सोबत न्यायची. लघवी मात्र थेट नदीत करायची, तसा नियमच आहे. मावशीची जपमाळ थांबली. “आणि डबा कोण धरणार?” इतकंच तिने विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही.

मग त्याने पॉवेलची गोष्ट सांगितली. 1869 साली हा एका हाताचा मेजर नऊ माणसं आणि चार होड्या घेऊन त्या दरीत शिरायला निघाला. तीन महिन्यांनी सहा जण बाहेर पडले. शेवटी शेवटी खायला बुरशी आलेलं पीठ, सुकी सफरचंदं आणि कॉफी, एवढंच उरलं होतं.

“निघाले कधी?” मावशी.

“24 मे.”

“मग! ऐन मे महिन्यात निघाले आणि पावसाळ्याच्या बेगमीचं पुरुमेंत धड भरलं नाही.” तिच्या लेखी पॉवेलचा निकाल लागला.

पुढे झांबेझी. व्हिक्टोरिया धबधब्याच्या खाली काळ्या कातळाची दरी आणि एकेका उसळीला अशी नावं, की विमा एजंटाने ऐकली तर चहा न घेता जाईल. एकीचं नाव ‘कमर्शियल सुइसाइड’; तिथे पाहुण्यांना उतरवून काठाकाठाने चालवत नेतात. म्हणजे आफ्रिकेला जायचं, आणि चालायचं. शिवाय त्या नदीचा चांगला हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला घरातला प्रत्येक पुरुष लागतो, आणि रानातली फळं आणायला शेजारचेही. पुढे दिवाळी, तुळशीचं लग्न, आणि डिसेंबरात तुम्ही.

ऋषिकेशची गंगा बापूंनी एका वाक्यात वाहून लावली. ते गाव शाकाहारी आहे असं कळताच ते म्हणाले, “सुट्टी आहे की सोमवार?” कोलाडची कुंडलिका त्यातल्या त्यात जवळ, सकाळी धरणाचं पाणी सोडलं की राफ्ट निघते, पण मुंबई-गोवा महामार्गाचं नाव निघताच सगळे आपापल्या ताटाकडे बघू लागले.

खरी अडचण नद्यांची नाहीच. त्या बिचाऱ्या आपल्या वेळेला वाहतात. आमचं वर्षच भरलेलं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत जत्रा, आणि जत्रेच्या नाटकात बापूंची भूमिका, तीही गेली कित्येक वर्षं सेनापतीची. मग शिगमो आणि परीक्षा. एप्रिल-मेमध्ये लग्नं, लग्नं नसतील त्या दिवशी मिरच्या, सोलं आणि सुकं सुंगट अंगणात, त्यावर कावळ्यांसाठी राखणदार मी. जूनमध्ये कौलं गळतात. उरला जुलै. मासेमारी बंद, ताजं नुस्तं नाही, माणसं नुसती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेली. जुलैत आम्ही कुठेही जायला तयार असतो. आणि जुलैत ऋषिकेश बंद, झांबेझीला चांगल्या हंगामाची वाट, अमेरिकेचा परवाना नाही.

“म्हादई आहे ना,” वहिनी म्हणाली.

सगळे गप्प झाले. भीमगडच्या रानातून उतरून सत्तरीत येणारी, पणजीला पोचेपर्यंत मांडवी होऊन कॅसिनोची जहाजं अंगावर बाळगणारी ही नदी. तिच्या पाण्यावरून राज्यं भांडली, 2018 मध्ये लवादाचा निवाडा आला, बापू मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडले. पण तिच्यात घोट्यापर्यंतसुद्धा पाय आमच्यापैकी कुणी बुडवला नव्हता. पावसाळ्यात तिथे उस्ते ते सोनाळ सुमारे दहा किलोमीटर राफ्टिंग चालतं; अवघडपणाच्या सहा पायऱ्यांतली दुसरी-तिसरी, म्हणजे ओरडायला पुरेशी आणि मृत्युपत्राला कमी.

“उभे कडे?” भाच्याने क्षीण आवाजात विचारलं.

“चोर्ला घाट जवळच आहे. येताना बघ.”

एका रविवारच्या जागा घेतल्या. आता वाळपईची आत्या. तिला न सांगता तिच्या दारावरून जाणं अशक्य, आणि सांगितलं तर जेवल्याशिवाय सुटका नाही. अळम्यांचं तोणाक, खतखतें आणि वर मणगणं. एवढं पोटात घेऊन राफ्टमध्ये बसलं तर ती वाहण्याऐवजी टेकेल, असं मी म्हणून पाहिलं. “उपाशी पोटी पाण्यात उतरू नये,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

गुरुवारी पुण्याहून मामेभावाचा फोन. “शनिवारी रात्री पोचतोय, सहकुटुंब. तुमच्याकडे म्हणे राफ्टिंग असतं?”

रविवारच्या बाकीच्या जागा संपल्या होत्या. पाहुण्यांना ‘नाही’ म्हणायची पद्धत आमच्या घरात अजून कुणी शोधलेली नाही. तेव्हा उस्त्याला लाईफ जॅकेटं त्यांनी चढवली आणि आम्ही त्यांचे मोबाईल, चष्मे, चपला घेतल्या. बापूंनी काठावरून सेनापतीच्या आवाजात ‘वल्हवा!’ अशी आज्ञा दिली. गाईडने दचकून मागे पाहिलं. मग आम्ही आत्याकडे जेवलो. पाण्यात उतरायचं नसल्याने मणगण्याची दुसरी वाटी झाली आणि आम्ही गाडी सोनाळला नेली.

मामेभाऊ निथळत वर आला. खुशीत होता. म्हणाला, “पुढच्या वर्षी सगळे मिळून ग्रँड कॅन्यन करू. तारखा तेवढ्या तुम्ही ठरवा.”