बारीक कामाला बारीक ब्रश? उलटंच आहे

प्लास्टिकच्या सुट्या भागांचं किट जोडून विमानांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं हातोहात फिरतोय: "किटवरचे उठावाचे बारीकसारीक तपशील रंगवायचे तर १०/० चा अगदी बारका ब्रश घ्या. रंग घट्टच ठेवा, म्हणजे ओघळणार नाही. शेवटी पांढऱ्याने ड्राय ब्रश मारा, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश उठावांवरून फिरवा. आणि हात थरथरत असेल तर या भानगडीत पडूच नका." चारही गोष्टी मला पटत नाहीत. सगळ्यात जास्त नुकसान पहिलीने केलंय, म्हणून आधी तिच्याकडे.

१/७२ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, स्पिटफायर हे लढाऊ विमान घ्या. खऱ्या विमानात वैमानिकासमोरच्या पॅनलवरची डायल साधारण आठ सेंटिमीटरची, म्हणजे किटवर जेमतेम १.१ मिलिमीटर. हे ऐकून माणूस घाबरतो आणि दुकानातला सगळ्यात बारका ब्रश उचलतो. मीही उचलला होता. त्या चार केसांत रंग मावतच नाही. डबीपासून पॅनलपर्यंत येईतो टोकावरचा ॲक्रिलिक वाळलेला. पुण्यात एप्रिल महिन्यात, वर पंखा चालू असेल तर विचारूच नका. टेकवला की उमटत नाही, म्हणून दाबायचा. दाबला की केस फाकतात आणि डायलची कड राहते बाजूला, शेजारचे दोन स्विच रंगतात. मग पुसा, पुन्हा लावा. तीन वेळा हे झालं की डायल रंगाखाली बुजलेली.

ब्रशवरचा आकडा जाडी सांगतो, टोक किती अणकुचीदार आहे ते नाही. जलरंगाचा चांगला १ किंवा २ नंबरचा गोल ब्रश ओला करून झटकला तर त्याचंही टोक सुईसारखं होतं, आणि पोटात रंग असल्यामुळे ते ओलं राहतं. दुकानात पाणी मागून हे बघूनच घ्यावा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे. सेबल, म्हणजे प्राण्याच्या खऱ्या केसांचा ब्रश, परवडत नसेल तर कृत्रिम केसांचा चालेल, फक्त त्याचं टोक काही दिवसांनी आकड्यासारखं वळतं. मुंगसाच्या केसांचा कुणी काढून दाखवला तर मात्र परत द्या. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तो व्यापारच बेकायदा आहे.

आणि मुळात टोकाने रंगवायचंच कशाला? तपशील उठावाचा आहे ना! ब्रश आडवा धरा आणि त्याची कूस डायलच्या कडेवरून हलकेच ओढा. केस खाली पोचतच नाहीत, रंग फक्त वरच्या कडेला लागतो. रेघ आपण मारायचीच नाही, साच्याने ती आधीच मारून ठेवलीय.

घट्ट रंगाचं म्हणाल तर ओघळ येतो तो ब्रश गच्च भरल्यामुळे, रंग पातळ असल्यामुळे नाही. दुधाइतका पातळ करा, ब्रश टिश्यूवर एकदा टिपा, दोन हात द्या. खाचांसाठी तर याहून पातळ हवा. ॲक्रिलिक पूर्ण वाळल्यावर त्यावर वॉर्निश, मग इनॅमलचा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला इनॅमल रंग. डायलच्या बुडाशी एक थेंब टेकवला की तो आपोआप गोल फिरून कड आखतो. हे बघायला मला अजून मजा येते.

पांढऱ्याचा ड्राय ब्रश काळ्या पॅनलवर पीठ सांडल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा पॅनलच निव्वळ काळा न करता गडद करडा करा आणि कडांवर मधला करडा फिरवा. झिजलेल्या धातूसाठी साधी ४बी पेन्सिल घासली तरी भागतं.

राहिला हात. मेंदी काढणाऱ्या बायका बघा, करंगळी टेकवल्याशिवाय कोन चालवत नाहीत. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला, करंगळ्या एकमेकींना टेकलेल्या, भाग स्प्रूवरच, म्हणजे किटमध्ये तो ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेला येतो तिच्यावरच, ठेवून तो स्प्रू डाव्या हातात. आता थरथर झाली तर दोन्ही हात एकत्र हलतात, ब्रश आणि पॅनलमधलं अंतर फारसं बदलत नाही. लाल बटणाला तर ब्रशही नको, टूथपिकच्या टोकावरचा थेंब पुरतो.

माझ्या हातात चहाची कपबशी वाजते. काल रात्री त्याच हाताने मी मधल्या सहाही डायलींवर टूथपिकने ग्लॉस वॉर्निशचा एकेक थेंब सोडला. सकाळी बघतो तर काचा बसवल्यासारख्या चमकत होत्या. एक थोडी तिरकी आहे, पण ती तशीच ठेवणार आहे.