बसच्या बदल्यात विकलेला गायक

चार्ली प्राइड, म्हणजे गोऱ्यांचं समजल्या जाणाऱ्या अमेरिकन कंट्री संगीतातला कृष्णवर्णीय गायक, त्याच्यावरचा तुमचा लेख आवडला पण बेसबॉलचा भाग दोन ओळीत उरकलात राव, खरी मजा तर तिथेच आहे. मिसिसिपीत कापूस वेचणाऱ्या घरातला हा पोरगा, वडील रेडिओवर ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लावायचे ते ऐकत वाढला, तरी डोक्यात बेसबॉलच. निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या बेसबॉल लीगमध्ये) तर एका टीमने ह्याला अन अजून एका प्लेअरला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, बदल्यात काय घेतलं तर जुनी बस! पुढे माँटानात धातू वितळवायच्या कारखान्यात नोकरी, तिथल्याच टीमकडून खेळायचं आणि मॅचच्या आधी पंधरा मिनिटं गायचं, त्याचे वेगळे १० डॉलर.

बरं, आरसीए ह्या रेकॉर्ड कंपनीने त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड रेडिओवाल्यांना पाठवल्या त्या फोटो न लावता, म्हणजे आवाज चालेल पण चेहरा नको 😒 १९६६ ला डेट्रॉइटच्या शोत नाव पुकारल्यावर टाळ्या, आणि हा स्टेजवर आला तशी सगळी गप्प. हाच म्हणाला की माझं टॅनिंग (उन्हाने रापलेला रंग) जरा कायमचंय, मग हशा. मला हे वाचून हसू नाही येत खरंतर, त्याने किती वेळा असा जोक मारून वेळ मारून नेली असेल.

आणि १९७१ ला सीएमए (कंट्री म्युझिक असोसिएशन) पुरस्कारांत एंटरटेनर ऑफ द इयर हाच. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच सोहळ्यात ८६ व्या वर्षी गायला, महिन्याभरात कोविडने गेला. हे पण टाका की लेखात.