साथ आली की पुन्हा तेच एनओसी!

दर पावसाळ्यात डेंग्यू-लेप्टो सुरू झाला की हाच तमाशा. अख्खा वॉर्ड रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरच्या गळ्यात. आणि केरळहून आलेली, बीएस्सी नर्सिंग झालेली, आयसीयूचा अनुभव असलेली मुलगी टेबलाशी बसून रजिस्टरं भरतेय! का? तर नोंदणी केरळच्या नर्सिंग कौन्सिलची आहे, महाराष्ट्राची अजून झालेली नाही. तिकडची एनओसी, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, यायची आहे, पडताळणी व्हायची आहे. समोर सलाईन संपून नळीत रक्त चढलंय, नातेवाईक हाका मारतायत, आणि तिला हात लावायची मुभा नाही. डोकं फिरतं अक्षरशः.

अहो, अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेचा, देशभर एकच. कोट्टायममध्ये शीर वेगळी आणि कोल्हापुरात वेगळी असते का? मे 2020 मध्ये कोविडने मुंबई टेकीला आली, तेव्हा आपल्याच राज्याने केरळला पत्र लिहून 50 डॉक्टर आणि 100 नर्स मागितल्या होत्या. म्हणजे गळ्याशी आलं की बाहेरची नर्स चालते!

तपासणी नको असं मी म्हणत नाही. बोगस सर्टिफिकेटवाले असतात, तपासा ना. पण परिषदेचं राष्ट्रीय ऑनलाइन रजिस्टर आहे, त्यात नोंद झालेल्या नर्सला एनयूआयडी हा देशभराचा ओळख क्रमांक मिळतो. तो बघा, दोन दिवसांत तात्पुरती परवानगी द्या, साथ असेपर्यंतची. कायमची नोंदणी मागाहून होऊ दे. आणि हे जूनच्या आधी ठरवा, वॉर्ड भरल्यावर नको.