‘मी लावते तेच लाव’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आज दुपारी आमच्या फॅमिली ग्रुपवर भाचीने बिचकत विचारलं, “पिंपल्स खूप आलेत, काय लावू?” सोळा वर्षांची पोर. पाच मिनिटांत सहा ट्यूबांचे फोटो येऊन पडले, त्यातले तीन चक्क अँटिबायोटिक जेलचे. वर एका वडीलधाऱ्या बाईंची मल्लिनाथी, “मी दोन वर्षं लावतेय, काही होत नाही गं. तूही लाव.”

काही होत नाही म्हणे! माझं डोकंच फिरलं. ग्रुपवर तोंड उघडलं असतं तर संध्याकाळपर्यंत अबोला सुरू झाला असता, म्हणून इथे ओकतेय.

हे ‘काही होत नाही’ मी स्वतः अकरा महिने करून बसलेय. कॉलेजात होते. मैत्रिणीने तिची अर्धी वापरलेली क्लिंडामायसिन जेलची ट्यूब दिली, म्हणजे अँटिबायोटिकच. दीडेक महिन्यात चेहरा इतका निवळला की मी आरशासमोरून हलेना. मग काय, ट्यूबमागून ट्यूब. ट्यूब चपटी झाली की कात्रीने मधोमध कापायची आणि आत चिकटलेलं इअरबडने खरवडून लावायचं. एक थेंब वाया जाऊ द्यायचा नाही! औषध आहे, त्याला थांबायची वेळ असते, हे डोक्यातच आलं नाही. क्रीमसारखी क्रीम, लावतोय रोज.

सातव्या-आठव्या महिन्यात जबड्यावर गाठी यायला लागल्या. लाल, दुखऱ्या, उशीवर गाल टेकवला की कळ जायची. मी जेल वाढवलं. दोनदाऐवजी चारदा. शहाणीच ना.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले आणि ती कापलेली ट्यूब टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. विचारलं, “किती महिने?” अकरा. “सोबत दुसरं काय लावत होतीस?” काहीच नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग जे सांगितलं ते आज त्या ग्रुपवरच्या प्रत्येकीला ऐकवायचंय. पिंपल्स नुसत्या जंतूंमुळे येत नाहीत. तेल जास्त सुटतं, छिद्रं बुजतात, हार्मोन्स असतात, सूज असते, आणि त्यात हे जंतू. अँटिबायोटिक जेल मुख्यतः जंतूंवर आणि थोडं सुजेवर काम करतं. ब्लॅकहेड्सवर ते फासून उपयोग शून्य. आणि एकटंच महिनोन्‌महिने लावलं की कच्चे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग तेच जेल त्यांच्यापुढे पाणी. म्हणून जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. त्याची मारायची तऱ्हाच वेगळी, जंतू त्याला सरावत नाहीत. साधारण 3 महिने झाले की डॉक्टर पुन्हा बघतात, बहुतेकदा अँटिबायोटिक थांबवतात आणि बाकीचं चालू ठेवतात. दोन वर्षं नाही, बाई! दोन वर्षं नाही.

हो, जेल वाईट नाही. नीट वापरलं तर छान गुण येतो, माझ्यावर नंतर त्याच औषधाने रीतसर उपचार झाले. आणि प्रत्येकीला डॉक्टर गाठणं जमत नाही, हेही कबूल. पण म्हणून दुसरीची ट्यूब? ती कधी उघडलीये ठाऊक नाही. अँटिबायोटिक आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेली काही मिश्र जेलं उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत टाकून द्यायची असतात. त्या फोटोंतल्या एखाद्या क्रीममध्ये स्टेरॉइड असलं तर? त्याने आधी चेहरा उजळल्यासारखा दिसतो आणि मग पिंपल्स दुपटीने उलटतात.

आणि कुणी तिला विचारलं का, की पूर्वी कधी अँटिबायोटिकने पोट बिघडलं होतं का? आतड्याला सूज वगैरे? क्लिंडामायसिन त्वचेतून अगदी थोडं आत जातं, पण क्वचित कुणाला जोराचे जुलाब होतात. तसं झालं तर जेल बंद करून डॉक्टरांना सांगायचं असतं. हे त्या सहा फोटोंपैकी एकाखालीही नव्हतं. फोटो टाकायला काय लागतं?

...

इथवर लिहिलं आणि बहिणीचा, म्हणजे भाचीच्या आईचा, मेसेज आला. “ताई, चिडू नकोस. तेव्हा तूच मला तुझी ट्यूब दिली होतीस ना?”

दिली होती. पूर्ण विसरले होते मी. एकदा ट्यूब कापली तेव्हा एक तुकडा तिच्या हातात ठेवला होता. “लाव, काही होत नाही.” हेच शब्द. तिचा चेहरा बघवत नव्हता मला, दुसरं काही नव्हतं मनात. आज ग्रुपवरच्या बायांच्या मनातही तेवढंच असणार. जाऊ दे. पण फोटो काढून टाका, प्लीज.

भाचीची डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळालीये. तोवर तिला एवढंच सांगितलंय की तोंड दिवसातून दोनदाच धू, सौम्य फेसवॉशने, घासायचं नाही. फोडायचं नाही म्हणजे नाही. जेल मिळालं तर नुसत्या फोडावर टिंब टिंब द्यायचं नसतं, पिंपल्स येतात त्या सगळ्या भागावर पातळसा थर लावायचा, डोळे आणि ओठ सोडून. आठ-दहा आठवडे धीर धरायचा. बेन्झॉइल पेरॉक्साइड दिलं तर पांढराच टॉवेल घ्यायचा, रंगीत असला तर त्याचा रंग उडतो. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा पांढरा डाग पडला होता.

त्यावर तिने अंगठा पाठवला. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, “मावशी, तुझे तेव्हाचे खड्डे अजून आहेत का गं?”

आहेत, बाळा. दोन. जबड्याच्या डाव्या बाजूला. रविवारी ये, दाखवते.