‘जन्मजात आहे, तपासून काय उपयोग?’ या मेसेजला उत्तर

‘मार्फन सिंड्रोम रक्तातूनच येतो. त्यावर औषध नाही, मग तपासण्यांत पैसे कशाला घालवायचे? घराण्यात कुणाला नसेल तर विषयच नाही. सांधे सैल असतील तर कोलॅजन पावडर घ्या.’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. मार्फन म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या ऊती जन्मापासूनच कमजोर असण्याचा आजार. मेसेजमधलं पहिलं वाक्य अर्धंमुर्धं खरं आहे, बाकीचं जिवावर बेतणारं.

‘औषध नाही.’ जनुक बदलता येत नाही, हे मान्य. पण या आजारात माणूस दगावतो तो बहुतेक वेळा महाधमनीमुळे. फायब्रिलिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असल्याने हृदयातून निघणाऱ्या या मोठ्या रक्तवाहिनीची भिंत कमजोर राहते, मुळाशी फुगत जाते आणि एखाद्या दिवशी आतून चिरते. हा फुगवटा टू-डी इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, मोजता येतो. बीटा ब्लॉकर किंवा लोसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी त्याची वाढ मंदावते. रुंदी ५ सेंटिमीटरच्या आसपास गेली, काहींत त्याआधीही, की चिरण्यापूर्वीच ऑपरेशन करून तो भाग बदलतात. अमेरिकेत १९७२ साली नोंदलेलं मृत्यूचं सरासरी वय ३२ होतं. १९९० च्या दशकात हेच रुग्ण सत्तरीपर्यंत जगू लागले. जनुक तेच होतं, फक्त महाधमनीवर वेळेत लक्ष जाऊ लागलं.

‘तपासून उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी फ्लो हायमनची हकीकत वाचावी. साडेसहा फुटांच्या आसपास उंचीची ही अमेरिकन व्हॉलीबॉलपटू १९८४ च्या ऑलिंपिकमधली रौप्यविजेती. जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली होती, तिथेच कोसळली आणि गेली. वय ३१. आधी सगळे हार्ट अटॅकच म्हणत होते. शवविच्छेदनात महाधमनी चिरलेली निघाली, कारण मार्फन. मग तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तोच आजार निघाला आणि त्याचं वेळेत ऑपरेशन करता आलं. तपासणीचा याहून मोठा उपयोग कुठला सांगू?

‘घराण्यात नाही.’ साधारण चारातल्या एका रुग्णात हा दोष नव्याने उद्भवतो, आईवडील दोघेही निरोगी असतात. आणि एकदा उद्भवला की त्या रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी.

उंच, किडकिडीत मूल दिसलं की घाबरायचं, असंही नाही. अंगठा तळहातावर आडवा घेऊन मूठ मिटायला सांगा. अंगठ्याचं टोकाचं अख्खं पेर करंगळीच्या बाजूने बाहेर आलं, तर ती एक खूण. एका खुणेवर निदान होत नाही. पण तिच्या जोडीला छातीचं हाड आत किंवा बाहेर, पाठीला बाक, चष्म्याचा मोठा मायनस नंबर असेल तर इको आणि डोळ्यांची तपासणी करून घ्या. डोळ्यातलं भिंग जागचं सरकलेलं सापडलं तर निदानाला मोठाच आधार मिळतो.

कोलॅजन पावडर पोटात पचून जाते. मार्फनमधला दोष फायब्रिलिनचा, तो पावडरीने भरून निघत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र जरूर पुढे पाठवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्समुळे महाधमनी चिरण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये दिला आणि त्यात मार्फनचं नाव घेतलं. आपल्याकडे या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात. घरात मार्फनचा रुग्ण असेल तर त्या स्वतःहून आणू नका. आजार डॉक्टरांच्या कानावर घाला आणि दुसरं अँटिबायोटिक चालेल का ते विचारा.